खिशातला कॅमेरा की बदलत्या भिंगांचा?

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या एका रस्त्यास निकोलस कोपर्निकस या पोलिश ज्योतिर्विदाचे नाव दिलेले आहे. रस्ता फार लांब नाही. परंतु त्याच्या कडेने पाहण्यासारखे पुष्कळ आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीनिमित्त हबीब रहमान या वास्तुशिल्पज्ञाने आखलेले व १९६१ साली उभे राहिलेले रवींद्र भवन येथेच आहे. साहित्य, संगीत-नाटक आणि ललित कला या तिन्ही राष्ट्रीय अकादमी तेथे नांदतात. कमानी रंगमंदिर याच रस्त्यावर आहे, आणि जुने महाराष्ट्र सदनही येथेच असल्यामुळे कामानिमित्त दिल्लीस आलेल्या मराठी माणसास हा भाग परका वाटत नाही. दुपारपासून रात्रीपर्यंत हातात कॅमेरा घेऊन या रस्त्याने जाणाऱ्यास रोजच्या छायाचित्रणातील बहुतेक सारे प्रसंग एका फेरीत भेटतात: भर उन्हातील इमारत, झाडाच्या सावलीतील माणसे, अंधाऱ्या प्रेक्षागृहापुढील नर्तकी, दूरचे स्मारक. कोणता कॅमेरा घ्यावा, या प्रश्नाचा विचार म्हणूनच या रस्त्याच्या आधाराने करणे सोयीचे आहे.

प्रश्न साधा दिसतो. एका प्रकारच्या कॅमेऱ्याचे भिंग अंगालाच कायमचे जोडलेले असते आणि तो मिटवून खिशात घालता येतो. दुसऱ्या प्रकारात भिंग काढून त्या जागी दुसरे बसविता येते. दुसरा प्रकार आकाराने मोठा, किंमतीने जड आणि दिसावयास भारदस्त. त्यामुळे तोच अधिक चांगला, असे पुष्कळांस वाटते. एखादी शाळा वर्षभर पैसे साठवून असा कॅमेरा घेते. स्नेहसंमेलनात तो मिरवतो, आणि पुढे जड म्हणून, हरवेल म्हणून, कोणास वापरता येत नाही म्हणून कपाटात पडून राहतो. सहलीची, प्रयोगांची, शाळेपुढच्या वडाची छायाचित्रे निघतच नाहीत, आणि गेलेला दिवस काही पुन्हा येत नाही. उलटपक्षी, केवळ स्वस्त व सुटसुटीत म्हणून घेतलेला लहान कॅमेरा नेमक्या संध्याकाळच्या कार्यक्रमात हात टेकतो. दोन्ही चुका महाग पडतात.

या दोहोंच्या मध्ये आता मोबाइल फोन येऊन उभा आहे. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघाच्या आकडेवारीप्रमाणे २०१० साली अचल भिंगाचे १० कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली ही संख्या २० लाखांच्याही आत आली. बदलत्या भिंगांचे कॅमेरे याच काळात सुमारे निम्म्यावर आले. म्हणजे फोनने गिळले ते मुख्यत्वे खिशातल्या कॅमेऱ्यांना. तरीही जे उरले आहेत ते का उरले, हे समजून घेण्याजोगे आहे, आणि त्याचे उत्तर प्रकाशाच्या हिशेबात आहे.

डिजिटल कॅमेऱ्यात भिंगामागे फिल्मच्या जागी एक प्रकाशसंवेदी पट्टिका असते. तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचे विद्युतभारात रूपांतर होते आणि तो भार मोजून चित्र तयार होते. १९६९ साली बॉइल व स्मिथ यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत या जातीची एक युक्ती शोधून काढली. तिच्यासाठी २००९ साली त्यांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९७५ साली कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी तीवर आधारलेला पहिला सुटा कॅमेरा जुळविला. त्याचे वजन ३.६ किलोग्रॅम होते, चित्रात अवघे १०,००० बिंदू होते, आणि एक चित्र फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत. आज बिंदूंची संख्या कोटींत गेली आहे व जाहिरातींत तिचाच डंका वाजतो. वास्तविक, निवड करताना बिंदूंच्या संख्येस फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते पट्टिकेच्या क्षेत्रफळास.

पावसाच्या सरीत अंगणात एक वाटी व एक परात ठेवली, तर परातीत अधिक पाणी जमणार हे उघड आहे. प्रकाशही असाच कणाकणाने येतो आणि हे कण अगदी नियमित अंतराने येत नाहीत. एखाद्या बिंदूवर सरासरी १०० कण पडावयाचे असतील, तर प्रत्यक्षात कधी ९०, कधी ११० पडतात. कमीजास्तपणा सुमारे १० कणांचा, म्हणजे शेकडा १० असतो. सरासरी १०,००० असेल, तर कमीजास्तपणा १०० कणांचा, म्हणजे शेकडा एकच राहतो. अंधारात काढलेल्या छायाचित्रावर जी रवाळ खरखर दिसते ती बव्हंशी याच कमीजास्तपणाची. मोठी पट्टिका अधिक प्रकाश गोळा करते, म्हणून तिचे चित्र स्वच्छ असते.

आकडे पाहिले तर हा फरक किती मोठा आहे हे ध्यानात येईल. साध्या खिशातल्या कॅमेऱ्यातील पट्टिका सुमारे ६ बाय ४.५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम २८ चौरस मिलिमीटर असते. बदलत्या भिंगांच्या सर्वसामान्य कॅमेऱ्यात ती सुमारे ३६७ चौरस मिलिमीटर असते, आणि जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढी पट्टिका घेतली तर ८६४. अंतर तीस पटींचे आहे. परंतु या दोहोंच्या मध्ये एक वर्ग आहे व तो दुर्लक्षिण्यासारखा नाही: १३.२ बाय ८.८ मिलिमीटर पट्टिकेचे, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटरांचे, खिशात मावणारे कॅमेरे.

आता भिंगाचा विचार करू. भिंगातून किती प्रकाश आत येतो हे त्याच्या एफ-अंकावरून कळते. केंद्रांतरास द्वारकाच्या व्यासाने भागले की हा अंक मिळतो. तो निम्मा झाला की प्रकाश चौपट होतो. बदलत्या भिंगांच्या कॅमेऱ्याबरोबर दुकानदार जे भिंग देतो त्याचा अंक रुंद दृश्यास ३.५ आणि जवळ ओढलेल्या दृश्यास ५.६ असतो. सोनी कंपनीने २०१४ साली काढलेल्या आरएक्स१०० मालेतील तिसऱ्या कॅमेऱ्यात, जो मुठीत मावतो, हेच अंक १.८ व २.८ आहेत. म्हणजे त्याच्या पट्टिकेच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरावर सुमारे चौपट प्रकाश पडतो, तर त्याची पट्टिका दुसऱ्याच्या तुलनेने तिपटीहून थोडी अधिक लहान आहे. गुणाकार केल्यास खिशातला कॅमेराच किंचित पुढे जातो! जो मनुष्य मोठा कॅमेरा घेऊन त्यावरील मूळचे भिंग कधीच बदलणार नाही, त्याने अधिक वजन व अधिक पैसा नेमका कशासाठी खर्च केला, असा प्रश्न येथे पडतो.

रवींद्र भवनाचे दुपारचे चित्र घेताना हा हिशेब करण्याची गरजही पडत नाही. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. तेथे फोनही पुरेसा आहे. लहान पट्टिकेचा येथे एक फायदाच होतो. तिच्या भिंगाचे केंद्रांतर आखूड असल्यामुळे जवळचे झाड व मागची भिंत दोन्ही एकदम रेखीव उमटतात. शाळेतील वर्गाचे सामुदायिक चित्र, ग्रंथालयातील जुन्या पोथीचे पान, भिंतीवरील शिलालेख यांसाठी हीच गोष्ट हवी असते. पार्श्वभूमी पुसट करून एकच चेहरा उठावदार करावयाचा असेल, तर मात्र मोठी पट्टिका व मोठ्या द्वारकाचे भिंग यांस पर्याय नाही. फोन हा परिणाम गणिताने आणतो, आणि केसांच्या कडेशी पुष्कळदा फसतो.

खरी कसोटी कमानी रंगमंदिरात आहे. परवानगी मिळाली आहे आणि रंगमंचावर ४०० लक्स प्रकाश आहे, असे धरू. म्हणजे उन्हाच्या सुमारे २५० पट कमी. नर्तकीचा हात पुसट होऊ नये म्हणून झडप सेकंदाच्या २५० व्या भागापुरतीच उघडी ठेवता येते. मूळच्या भिंगाच्या ५.६ अंकावर यासाठी आयएसओ सुमारे ७,५०० इतकी वाढवावी लागते, आणि चित्र खरखरीत होते. खिशातल्या कॅमेऱ्याच्या २.८ अंकावर ती १,९०० च्या आसपास पुरते. परंतु त्याच मोठ्या कॅमेऱ्यावर १.८ अंकाचे, ५० मिलिमीटर केंद्रांतराचे साधे भिंग बसविले, तर ८०० मध्ये काम भागते. हे भिंग बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त भिंगांपैकी एक असते. भिंग बदलता येण्याचा खरा उपयोग तो हा. विसाव्या रांगेतून अंगच्या छोट्या दिव्याचा लखलखाट करण्यात मात्र काहीच अर्थ नाही. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो. त्या लखलखाटाने उजळतात ती पुढच्या रांगेतील डोकी.

रंगमंदिरात आवाजाचाही प्रश्न असतो. जुन्या पद्धतीच्या मोठ्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्राबरोबर आतला आरसा खटकन् वर उचलला जातो, आणि तबला थांबलेला असताना तो आवाज साऱ्या सभागृहास ऐकू जातो. खिशातल्या कॅमेऱ्याची पाकळ्यांची झडप भिंगातच असते व ती जवळजवळ निःशब्द असते. २००८ साली पॅनासोनिकने आरसा काढून टाकलेला, बदलत्या भिंगांचा पहिला कॅमेरा बाजारात आणला, आणि आता बहुतेक नवे कॅमेरे याच जातीचे असतात. यांत झडप न हलविताही चित्र घेता येते. मात्र तेव्हा पट्टिका ओळीमागून ओळ वाचली जाते. वेगाने फिरणारा हात वाकडा दिसतो व काही एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटतात.

रस्ता संपतो तेथे इंडिया गेट दिसू लागते. त्याची उंची ४२ मीटर आहे. ३०० मीटरांवरून ९ मिलिमीटर केंद्रांतराच्या भिंगाने पट्टिकेवर त्याची प्रतिमा सव्वा मिलिमीटर उंचीची पडते, म्हणजे चौकटीचा सातवा भाग. २०० मिलिमीटरांच्या भिंगाने ती २८ मिलिमीटर होते व २४ मिलिमीटरांच्या चौकटीतही मावत नाही. म्हणून लांब केंद्रांतराचे भिंग घ्यावेच, असे मात्र नाही. स्मारकाजवळ चालत जाता येते, आणि त्यावर कोरलेली तेरा हजारांहून अधिक सैनिकांची नावे जवळूनच वाचावयाची आहेत. शिवाय हिवाळ्यात दिल्लीच्या हवेत धूर व धुके इतके असते की लांबून ओढलेले चित्र फिकट येते. कितीही महाग भिंग त्यावर उपाय करू शकत नाही. लांब भिंगाची गरज पडते ती जेथे जवळ जाता येत नाही तेथे: पक्ष्यांसाठी, खेळाच्या मैदानासाठी.

एकाच भिंगावर किती काम होते, याचे उत्तम उदाहरण दिल्लीतच आहे. नवसारीस जन्मलेल्या आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होत. त्या १९४२ साली दिल्लीस आल्या आणि १९७० पर्यंत त्यांनी राजधानीतील घडामोडी टिपल्या. त्या वापरीत असलेल्या कॅमेऱ्यांपैकी रोलायफ्लेक्सचे भिंग काढता येत नसे. त्यांस २०११ साली पद्मविभूषण मिळाले. अर्थात त्यांच्यापाशी स्पीड ग्राफिक हा जड कॅमेराही होता. कामाप्रमाणे त्या साधन निवडीत.

शाळेस आणखी एका कामासाठी कॅमेरा लागतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ एका महिन्यात थोडी थोडी टिपून चलत्चित्र तयार केले होते. हा प्रयोग आज वर्गाच्या खिडकीत करता येतो. त्यासाठी हवा तो ठरावीक वेळाने आपोआप चित्र घेणारा व महिनाभर एका जागी अडकून राहिला तरी कोणाची अडचण न होणारा कॅमेरा; खिशातला किंवा एखादा जुना फोन पुरतो. उलट, मुलांस द्वारक, झडप व केंद्रांतर यांचे परस्परसंबंध शिकवावयाचे असतील, तर बदलत्या भिंगांचा जुना, वापरलेला कॅमेरा व ५० मिलिमीटरांचे एक भिंग अधिक उपयोगी पडेल. निकॉन कंपनीने १९५९ साली ठरविलेली भिंग अडकविण्याची खाच अद्याप टिकून आहे. कॅमेऱ्याचे अंग निकामी झाले तरी भिंगे वाया जात नाहीत. खिशातल्या कॅमेऱ्याच्या आत-बाहेर होणाऱ्या नळीत वाळूचा कण अडकला, तर बहुधा साराच कॅमेरा निकालात निघतो.

भिंगे बदलणाऱ्यासही धुळीचे भय आहेच. मे-जूनमध्ये दिल्लीत आंधी सुटते तेव्हा उघड्यावर भिंग काढल्यास पट्टिकेवर बसलेला कण पुढील प्रत्येक चित्रात काळा ठिपका होऊन येतो. कोकणात व मुंबईत शत्रू निराळा आहे. पावसाळ्यात बंद कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या भिंगावर बुरशी धरते. तिचे तंतू काचेवरील लेप खातात आणि डाग कायमचा राहतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह भिंगे ठेवावीत, पुड्या ओलावल्या की वाळवून पुन्हा वापराव्यात, आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा उजेडात काढून चार चित्रे घ्यावीत.