उंबराचं फूल आणि त्यातला किडा

उंबराला फूल येत नाही, आणि आलंच तर मध्यरात्री, तेही भाग्यवंतालाच दिसतं, ही समजूत जुनी आहे. खरं तर फुलं आपल्या डोळ्यांसमोरच असतात. हिरवं, कोवळं उंबर मधोमध चिरून भिंगातून पाहा. आतल्या भिंतीला दाटीवाटीने लागलेली हजारो बारीक फुलं दिसतील. ज्याला आपण फळ म्हणतो तो मुळात तोंड मिटलेला फुलोरा आहे. वड, पिंपळ, अंजीर, सगळ्यांचं तसंच.

दुसरा गैरसमज म्हणजे किडे दिसले की उंबर सडलं. उलट, किडा आत गेलाच नसता तर बहुतेक उंबरं कच्चीच गळून पडली असती. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, दोनेक मिलिमीटरची एक माशी दुसऱ्या उंबरावरचे परागकण घेऊन येते आणि टोकाच्या छिद्रातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की पंख तिथेच तुटतात. परतीचा प्रश्नच नाही. ती काही फुलांत अंडी घालते, बाकीच्यांवर पराग टाकते आणि तिथेच मरते. काही आठवड्यांनी आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. ते माद्यांशी मीलन करतात, भिंत कोरून वाट काढतात आणि तिथेच संपतात. तोवर आतली नरफुलं उमललेली असतात. पराग घेऊन माद्या त्या वाटेने उडून जातात. त्यांच्या हाती जेमतेम एक-दोन दिवस. उंबर पिकून लाल होतं ते यानंतर, म्हणजे त्यात सापडतात ते बहुतेक मागे राहिलेले नर, नाहीतर नंतर शिरलेले उपरे किडे.

यावरून ‘निसर्गात सगळे एकमेकांना मदत करतात’ असं कोणी सांगू लागलं, तर मला ते पटत नाही. माशी पिल्लांसाठी येते, झाड बियांसाठी तिला आत घेतं. अळी वाढली त्या फुलात बी धरत नाही. ही झाडाने मोजलेली किंमत. शिवाय काही परजीवी माश्या लांबलचक सोंडेसारख्या अवयवाने बाहेरूनच उंबर भोसकून अंडी घालतात, परागणाच्या कामात मात्र त्यांचा हात नसतो. पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या त्यांना टिपतात. तेही झाडावर उपकार म्हणून नव्हे.

अंजीर खाल्लं की माशी पोटात जाते, म्हणून ते मांसाहारी, असंही हल्ली फिरतं. पुरंदरच्या अंजिरापुरतं तरी निश्चिंत राहा. ती जात परागणाशिवायच फळ धरते.

आणि शेवटचा, नुकसान करणारा समज: वाटेतलं एखादं उंबराचं झाड न तोडता ठेवलं, की झालं. एका झाडाची उंबरं बहुधा एकाच सुमारास तयार होतात. त्यातून निघालेल्या माशीला त्याच वेळी कोवळी उंबरं धरलेलं दुसरं झाड लागतं. परिसरात अशी पुरेशी झाडं असली तर कुठे ना कुठे बारमाही फळ असतं, आणि इतर फळं संपतात तेव्हा हरियाल, धनेश, तांबट, वटवाघळं, उदमांजरं त्यावर तगतात. माशी दूर जाते हे खरं. नामिबियात उंबराच्या जवळच्या भाऊबंदांपैकी एका झाडाच्या माश्या वाऱ्यावर १६० किलोमीटरपर्यंत गेल्याचं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. पण तिथे पोचल्यावर झाड उभं असायला हवं, आणि तेही नेमक्या त्या दिवसांत बहरलेलं.