दाराचं रेक्झिन सुटलं, दोष गोंदाचा?

गाडीच्या दारावरचं रेक्झिन काचेजवळच्या कडेला सुटू लागलं, किंवा मधल्या पट्टीवरचं कापड सैल पडून लोंबू लागलं, की मालक एकच प्रश्न घेऊन बाहेर पडतो: सगळ्यात घट्ट गोंद कोणता? हार्डवेअरवाला हातात काहीतरी ठेवतो, मालक घरी येऊन ते लावतो, दोन दिवस सगळं ठीक दिसतं. पुढच्या कडक उन्हाच्या दुपारी कड पुन्हा वर येते. मग शिव्या गोंदाला बसतात, नाहीतर दुकानदाराला. वास्तविक गोंद हा या दुरुस्तीतला शेवटचा प्रश्न आहे. काय सुटलं, कशावरून सुटलं आणि का सुटलं, हे आधी कळलं नाही तर कितीही महागाचा डबा आणला तरी तो नशिबावर हवाला ठेवूनच उघडावा लागतो.

ही फक्त स्वस्त गाड्यांची व्यथा आहे, असाही एक समज आहे. तो खरा नाही. १९९० च्या दशकातल्या बीएमडब्ल्यूच्या ई३६ या ३ सिरीजमध्ये दाराच्या पॅनलवरचं आवरण सुटणं ही जगभरच्या मालकांची जुनी डोकेदुखी आहे. त्याच काळातल्या व्होल्वोच्या एस७० आणि व्ही७० या गाड्यांचंही तेच, आणि फोक्सवॅगन गोल्फच्या चौथ्या पिढीत दाराच्या मधल्या भागाचं आवरण असंच सोडून येतं. गाडी कितीही महाग असली तरी दाराचं पॅनल म्हणजे वेगवेगळ्या पदार्थांचे एकावर एक बसवलेले थर. तळाला कडक प्लास्टिक किंवा लाकडाच्या नाहीतर अंबाडी-तागासारख्या धाग्यांचा दाबलेला बोर्ड, त्यावर बहुधा फोमचा पातळ थर, आणि वर रेक्झिन किंवा कापड. प्रत्येक थर उन्हात वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतो आणि वेगळ्या वेगानं म्हातारा होतो.

सगळ्यात मोठा घोटाळा तळाच्या प्लास्टिकपाशी होतो. 'प्लास्टिक ते प्लास्टिक, त्याला काय लागतं' असं मानून काम सुरू केलं जातं. पण आजच्या कितीतरी पॅनलांत पॉलिप्रॉपिलीन असतं आणि ते गोंदाच्या बाबतीत हट्टी आहे. द्रव गोंद पृष्ठभागावर नीट पसरला तरच पकड धरतो. तो पसरणार की नाही हे पृष्ठभागाच्या ऊर्जेवर ठरतं. पॉलिप्रॉपिलीनची ही ऊर्जा मीटरला साधारण ३० मिलिन्यूटन असते, तर एबीएस या दुसऱ्या नेहमीच्या प्लास्टिकची ४० च्या आसपास. आकड्यांतला फरक किरकोळ वाटतो, पण एकावर गोंद बसतो आणि दुसऱ्यावरून सालासारखा अखंड निघून येतो. कारखान्यात म्हणूनच पॉलिप्रॉपिलीनच्या पृष्ठभागावर आधी ज्योत किंवा प्लाझ्मा फिरवतात, मग आवरण चढवतात. घरी दुरुस्ती करणाऱ्याकडे ती सोय नसते.

मग कोणतं प्लास्टिक आहे हे ओळखायचं कसं? बरेच जण तुकडा पाण्यात टाकून पाहायला सांगतात: तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर एबीएस. शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्याहून कमी, सुमारे ०.९, म्हणून युक्ती पटते. पण गाडीच्या पॅनलात शुद्ध पॉलिप्रॉपिलीन क्वचितच असतं. कडकपणासाठी त्यात टाल्क मिसळतात, आणि २० टक्के टाल्क असलेलं पॉलिप्रॉपिलीन पाण्यात बुडतं. याहून भरवशाचा पुरावा पॅनलच्या पाठीवर कोरलेला असतो. पॅनल उतरवून उलटं केलं की कोनी कंसांत अक्षरं सापडतात: 'पीपी', 'एबीएस', किंवा 'पीपी+ईपीडीएम-टी२०'. शेवटच्यातल्या टी२० चा अर्थ २० टक्के टाल्क. ही खूण मुळात भंगारातलं प्लास्टिक वेगळं करता यावं म्हणून घातलेली, पण गोंद निवडणाऱ्यालाही ती तितकीच कामाची.

पीपी निघालं तर निराश व्हायचं कारण नाही. बंपर रंगवणाऱ्या गॅरेजात प्लास्टिकसाठीचा प्रायमर असतोच, कारण रंगाचीही तीच अडचण असते. क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनचा हा पातळ थर मधे मध्यस्थासारखा बसतो. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचा, बारीक पॉलिशपेपरनं हलकं घासायचा, पुन्हा पुसायचा, प्रायमर मारायचा आणि मगच गोंद लावायचा. नुसतं घासून भागेल असं पुष्कळांना वाटतं. घासल्यानं धरायला जागा मिळते, पण पॉलिप्रॉपिलीनचा मूळ स्वभाव बदलत नाही.

आता डब्यांकडे वळू. १९५९ पासून बाजारात असलेल्या फेविकॉलनं 'न तुटणारा जोड' ही कल्पना भारतात घराघरांत पोचवली, त्यामुळे पांढऱ्या गोंदावर लोकांची श्रद्धा दांडगी. पण लाकडाचा पांढरा गोंद पाण्यात मिसळलेला पॉलिव्हिनाइल अॅसिटेट असतो. त्यातलं पाणी लाकडात मुरतं, तेव्हाच तो सुकतो. एका बाजूला प्लास्टिक आणि दुसऱ्या बाजूला रेक्झिन असेल तर पाण्याला जायला वाटच नाही. त्यातून उष्णता आणि ओल ही त्याची दोन मर्मस्थानं, आणि गाडीच्या दारात दोन्ही भरपूर.

सायनोअॅक्रिलेटची, म्हणजे घरोघरी फेविक्विक या नावानं ओळखल्या जाणाऱ्या जातीची गोष्ट उलटी. तिची ताकद खोटी नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना ईस्टमन कोडॅकच्या हॅरी कूव्हर यांच्या हाती हे रसायन लागलं. जिथेतिथे चिकटतं म्हणून ते तेव्हा बाजूला ठेवलं गेलं आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून विक्रीला आलं. हवेतली ओल लागताच ते घट्ट होतं आणि सरळ ओढलं तर प्रचंड भार पेलतं. दारावरच्या रेक्झिनवर मात्र सरळ ओढ कधी बसतच नाही. तिथं कड सोलून निघते, आणि सोलताना कोणत्याही क्षणी सगळा ताण एका बारीक रेषेवर येतो. तिथं लवचीक गोंद तग धरतो, काचेसारखा ठिसूळ गोंद कडकन सुटतो. शिवाय सायनोअॅक्रिलेट फोममध्ये मुरून त्याचा दगड करतं आणि कडेला पांढरट धुरकट डाग सोडतं, ते वेगळंच. तुटलेल्या एबीएसच्या तुकड्याला ते उत्तम, आवरणाला नाही.

ग्लूगनच्या कांड्यांचा मोह आवरत नाही, कारण काम पाच मिनिटांत होतं. इथं उष्णतेचा हिशेब पाहायला हवा. अॅरिझोना स्टेट विद्यापीठ आणि सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, बाहेर ३८ अंशांहून जास्त तापमान असताना तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचं सरासरी तापमान ६९ अंश सेल्सिअसच्या घरात गेलं. सावलीतल्या गाड्यांत ते ४८ च्या आसपास होतं. पाहणीचा हेतू गाडीत राहिलेल्या मुलांना होणारा उष्माघात समजून घेणं हा होता, गोंदाशी तिचा काही संबंध नव्हता. पण अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात गाडी उघड्यावर लावणाऱ्याला त्यातून जे कळायचं ते कळतं. साध्या कांड्यांचा गोंद ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो. दाराची वरची कड काचेला लागून असल्यानं ऊन तिच्यावर थेट पडतं, आणि रेक्झिन काळं असेल तर बोलायलाच नको. कारखान्यांतही गरम वितळवून लावायचे गोंद वापरतात, पण ते नंतर हवेतल्या ओलीनं कायमचे पक्के होणारे पॉलियुरेथेनचे असतात. बाजारातली कांडी आणि ते एकच समजू नये.

कुशनवाल्यांच्या दुकानात पिवळसर, उग्र वासाचा, रबराचा गोंद असतो: एसआर, म्हणजे सिंथेटिक रबराचं सोल्युशन. ही निवड योग्य जातीची आहे. बिघडतं ते लावण्यात. ओला असतानाच दोन बाजू दाबून टाकायच्या, ही घरगुती दुरुस्तीतली सगळ्यात नेहमीची चूक. हा गोंद दोन्ही पृष्ठभागांवर पातळ लावायचा असतो आणि नंतर थांबायचं असतं, साधारण १० ते २० मिनिटं, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत. मग दोन्ही थर एकमेकांना भेटतात तेव्हा रबर रबराला धरतं, तेही क्षणात, त्यामुळे जागा आधीच नेमकी जुळवावी लागते. मधे कागद घालून तो हळूहळू सरकवत नेणं ही जुन्या कारागिरांची रीत. नंतर रात्रभर वजन ठेवून फारसा फायदा नाही. एकदाच, पण जोरात, रोलरनं दाबणं महत्त्वाचं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये हे काम काढू नये. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतली ओल त्यावर धरते आणि पकड तिथंच जाते.

यातही एक मेख आहे. रेक्झिन म्हणजे मऊ केलेलं पीव्हीसी, आणि ते मऊ ठेवणारं तेलकट रसायन वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतं. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला जो चिकट धुरकट थर साचतो, त्यात या रसायनाचाही वाटा असतो. जर्मनीत त्यासाठी डीआयएन ७५२०१ ही चाचणी ठरवलेली आहे. हेच तेल एसआरसारख्या क्लोरोप्रीन रबराच्या नेहमीच्या सोल्युशनला हळूहळू लिबलिबीत करतं. म्हणून मऊ पीव्हीसीसाठी पॉलियुरेथेनचा किंवा नायट्राइल रबराचा गोंद अधिक टिकतो. बूट बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं, पीव्हीसीच्या सोलला ते पीयू सोल्युशनच लावतात. डब्यावर उष्णता सोसण्याची मर्यादा छापलेली असेल तर तीही पाहून घ्यावी. अमेरिकेतले कारागीर यासाठी गाडीच्या छताचं आवरण लावायचा खास उष्णतारोधक गोंद वापरतात.

तेल निघून गेलेलं रेक्झिन आकसतंही. अशा वेळी कड पूर्वीच्या जागेपर्यंत पोचतच नाही, आणि जबरदस्तीनं ताणून चिकटवली तर पहिल्याच उन्हात परत येते. हीट गननं दुरून, सावकाश ऊब देऊन ते सैल करून घ्यावं लागतं. तरीही पुरलं नाही तर नवं रेक्झिन घेण्यावाचून गत्यंतर नाही.

कापडाच्या पट्टीखाली बोट घातलं की पुष्कळदा पिवळा भुगा हाती येतो. तो जुना गोंद नव्हे, विटलेला फोम आहे. त्यावर कितीही चांगला गोंद लावला तरी तो भुग्यालाच चिकटणार. ब्रशनं खरवडून तळ स्वच्छ करणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. स्वच्छ करतानाही थिनर किंवा अॅसिटोन हाताशी असेल तर जपून, कारण एबीएस त्यात विरघळू लागतं. चकाकीसाठी वर्षानुवर्षं मारलेल्या सिलिकॉनयुक्त पॉलिशची गोष्ट निराळी: तो अदृश्य थर कडेतून आत शिरलेला असेल तर कुठलाच गोंद धरत नाही.

काही वेळा सुटलेलं असतं ते आवरण नव्हे, तर पॅनलचे दोन भाग. ते मागच्या बाजूनं वितळवलेल्या प्लास्टिकच्या रिव्हेटांनी जोडलेले असतात. तिथं एम-सील किंवा अॅरल्डाइटचा गोळा लावण्यापेक्षा वॉशर घालून बसवलेला छोटा स्क्रू किंवा प्लास्टिक वेल्डिंग बरं, विशेषतः पाठीवर पीपी लिहिलेलं असेल तर. दारावर एअरबॅगची खूण असेल तर मात्र घरी हात लावू नये. बीएमडब्ल्यूच्या ई४६ सारख्या गाड्यांत पुढच्या दारांतच एअरबॅग असते, आणि तिच्या उघडण्याच्या शिवणीवर पडलेला गोंद अपघातात भोवू शकतो.

राहिलं पाणी. पॅनल खालच्या बाजूनं सुटलं असेल, बोर्ड फुगला असेल, तर गोंदाचा विचार करण्याआधी आत पाहावं. दार जलरोधक असतं ही समजूत चुकीची आहे: काचेवरचं पावसाचं पाणी रबराच्या फटीतून आत उतरावं आणि तळाच्या भोकांतून निघून जावं, अशीच त्याची रचना असते. पॅनल आणि पत्रा यांच्यामध्ये एक शीट लावलेली असते, ती हे पाणी पॅनलपासून दूर ठेवते. स्पीकर बसवताना किंवा काच दुरुस्त करताना ही शीट 'पॅकिंग' समजून फाडून टाकली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात बोर्ड ओल पितो. ती परत लावताना कधीही न सुकणाऱ्या ब्युटिलची दोरी वापरतात, आणि ती खंड न पडता पूर्ण फिरवावी लागते. नंतर पॅनल न चढवता काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओतावं. ते तळाच्या भोकांतून खाली आलं आणि शीटची आतली बाजू कोरडी राहिली, तर दुरुस्त केलेलं पॅनल बसवायला हरकत नाही.