रानात नेण्याजोगा चाकू

‘रानात न्यायला चाकू सुचवा,’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, ‘त्याने करणार काय?’ उत्तर सहसा येत नाही. मोबाइलवर पसंत करून ठेवलेला चाकू मात्र रॅम्बोच्या कमरेला शोभेलसा असतो: वीतभर पातं, पाठीवर करवतीचे दात, पोकळ मूठ. असा चाकू भिंतीवर टांगावा.

रानातली चाकूची कामं बारीक असतात. विस्तवासाठी ढलप्या काढायच्या, तंबूच्या खुंटीला टोक करायचं, दोरी कापायची, कांदा चिरायचा. त्याला दहा सेंटिमीटरचं पातं पुरतं. त्याहून फार लांब झालं की टोकावर ताबा राहत नाही. फांद्या तोडायला आमच्या दापोलीकडे कोयता असतो. त्याचं काम चाकूला सांगू नये.

मजबुतीची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. लाकूड वरून भिजलेलं असतं, पण उभं फोडलं की आतला गाभा बऱ्याचदा कोरडा निघतो. त्यासाठी मनगटाएवढ्या ओंडक्यावर पातं आडवं ठेवून त्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकतात. तो सगळा मार पातं आणि मूठ यांच्या सांध्यावर येतो. मिटणाऱ्या चाकूत तिथे नुसती खीळ असते आणि पोकळ मुठीत पोलादाचा आखूड तुकडा. म्हणून न मिटणारा चाकू घ्यायचा. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेलं हवं आणि पाठ तीन ते चार मिलिमीटर जाड हवी. स्वीडनच्या मोरा गावच्या चाकूंत हा फरक स्पष्ट दिसतो. त्यांचा स्वस्त ‘कंपॅनियन’ अडीच मिलिमीटरचा, तासायला उत्तम. पण त्याचं पोलाद मुठीत पूर्ण जात नाही. लाकूड फोडायचं असेल तर त्यांचाच ‘गारबर्ग’ घ्यावा. तो ३.२ मिलिमीटर जाड आहे आणि त्याचं पोलाद शेवटपर्यंत जातं.

साध्या कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण कोकणच्या दमट हवेत ते लगेच गंजतं. रोज पुसून तेल लावायचा आळस असेल तर स्टेनलेस बरं. धारेचा उतार दोन्ही बाजूंनी रुंद आणि सपाट असावा. तो दगडावर टेकवला की कोन आपोआप जमतो, नवख्यालाही धार लावता येते. पाठीची कड काटकोनी असेल तर फेरोसेरियमच्या कांडीवर घासून ठिणगी पाडता येते. मूठ ओल्या हातात धरून बघा. चाकू घालून म्यान उलटं करा. तो खाली पडला तर तसाच दुकानदाराला परत द्या.

आता कायद्याचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केलेल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो आणि अभयारण्यात शस्त्र न्यायला आधी लेखी परवानगी लागते. हरिश्चंद्रगड आणि भीमाशंकर दोन्ही अभयारण्यांत आहेत. तिथे चाकू घरीच ठेवा, लाकडालाही हात लावू नका. हात बसवायचा तर स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतावर, मालकाला विचारून, वाळलेल्या सुबाभळीवर बसवा.