ईदची खरेदी शाबानमध्येच

रमजानचा शेवटचा अशरा म्हणजे तिलावत, दुआ आणि शबे कद्रचा शोध. पण आपल्यापैकी कितीतरी भगिनींच्या या रात्री बाजारात जातात. एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात पेंगुळलेलं मूल. खरेदी शाबानमध्येच उरकली आणि मुलांना हाताशी घेतलं, तर ही धावपळ टळते.

आम्ही सामानाची यादी मुलांकडूनच करून घेतो. मोठीनं लिहायचं, धाकट्यानं डबे उघडून पाहायचं: शेवया आहेत का, चारोळी उरली का, बेसन किती? मग खजुरांचं गणित. घरात पाच माणसं, इफ्तारला प्रत्येकी तीन, रोजे तीस. म्हणजे 450 खजूर. अर्ध्या किलोत किती येतात ते मोजायचं आणि किती किलो आणायचे ते सांगायचं. मुलं यात रमतात, तोवर आपल्या भाकऱ्या होतात.

चपलांसाठी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं रेघ मारायची. तो कागद कापून दुकानात न्यायचा; मुलांना गर्दीत ओढावं लागत नाही. यादीबाहेरचं घ्यायचं नाही, म्हणजे इस्राफही टळतो.

यादीत शेवटी फितरा. घरातली माणसं मुलांनीच मोजायची, तान्हं बाळसुद्धा धरून. ईदच्या नमाजआधी तो गरजूंपर्यंत पोचला पाहिजे, हे तेव्हाच त्यांना सांगावं. ईद त्यांच्याही घरी व्हायला हवी. आणि अम्मीच्या शेवटच्या दहा रात्री बाजारात नव्हे, मुसल्यावर जायला हव्यात.