कामातच काढा अर्धं मिनिट

मच्छीमार बंधू-भगिनींनो,

१ ऑगस्टला बंदी उठली की आपली दिवस-रात्र एक होते. बर्फ, डिझेल, खलाशांचा पगार, लिलावातला भाव... डोकं जाग्यावर नसतंच. हात विंचवर आणि मन हिशेबात असलं की दोरात हात अडकायला एक क्षण पुरतो.

ध्यानाला तासभर बसायची सवड आपल्याला नाही. पण एवढं जमेल:

१) इंजिन चालू करण्याआधी पाय फळीवर घट्ट रोवा, तीन श्वास घ्या. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, धडधड उतरते.

२) विंच फिरवण्याआधी बघा: दोर कुठे, माझा हात कुठे, बाजूचा माणूस कुठे? मगच सुरू करा.

३) बाजारात बसणाऱ्या मावशींनो, गिऱ्हाईक नसेल तेव्हा बर्फातली मासळी सारखी करताना हाताला लागणाऱ्या गारव्याकडेच लक्ष द्या.

४) घरी आल्यावर उंबऱ्यावर एक श्वास थांबा. भाव पडल्याचा राग पोरांवर निघू नये.

मन भरकटणारच. परत आणायचं, बस्स. होडीवर मात्र डोळे उघडेच ठेवा.

आणि हे काही झोपेची भरपाई करत नाही. डोळे मिटायला लागले तर सुकाणू दुसऱ्याच्या हाती द्या. बरेच दिवस झोप नाही, जीव घाबरतो, असं असेल तर सरकारच्या टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. २४ तास, मोफत.

तांडेलांनी सुरुवात केली, तर खलाशीही करतील.