धावणाऱ्यांसाठी बुऱ्हाणपूरच्या पाऊलवाटा

पहाटे साडेपाचच्या सुमारास आपल्या शहरातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही मोठ्या रस्त्यावर गेल्यास, अंधारातून धावत येणारी मुले हमखास दृष्टीस पडतात. कुणाला पोलीस शिपाई व्हावयाचे असते, कुणाला सैन्यात जावयाचे असते. मध्य प्रदेश पोलिसांच्या भरतीत ८०० मीटरची, तर सैन्याच्या भरतीत १६०० मीटरची धाव पार करावी लागते. आणि काही सेकंदांच्या फरकाने एखाद्या घराचे भवितव्य पालटते. ही मुले ज्या इंदूर-इच्छापूर मार्गाच्या कडेने धावतात, त्याच मार्गाने केळीच्या गाड्या, कापसाचे ट्रक आणि दिवे न लावलेले ट्रॅक्टर धावत असतात. मुलगी धावावयास जाते म्हटल्यावर तर ती परत येईपर्यंत आईचे चित्त थाऱ्यावर नसते. अशा अनेक घरांतून आमच्याकडे एकच विचारणा होत असते : गाडीघोड्यांपासून दूर, पायांना मानवेल अशी माती कोठे मिळेल? त्या विचारणेला उत्तर म्हणून हा लेखप्रपंच.

वस्तुतः आपल्या गावाइतकी धावणाऱ्यांची परंपरा फार थोड्या गावांना असेल. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणारी रूढ वाट असीरगडाच्या पायथ्यावरून बुऱ्हाणपुरास येत असे, आणि त्या वाटेवरून फौजांच्या कितीतरी आधी पायी धावणारे कासीद व जासूद जात असत. पानिपतची वार्ता पेशव्यांना प्रथम अशाच एका कासिदाकडून कळली. सावकारांचा हा माणूस नऊ दिवसांत औरंगाबादेस पोहोचण्याच्या बोलीवर निघाला होता, असे ग्रँट डफने आपल्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे. नऊ दिवसांत पानिपत ते औरंगाबाद! आजच्या कोणत्याही शर्यतीपुढे हा पल्ला उभा करून पाहावा. त्या माणसाचे नाव इतिहासाने टिपून ठेवले नाही, याची आम्हाला नेहमीच खंत वाटत आली आहे.

अलीकडे पाऊलवाटांवरून धावण्याचा छंद जगभर वाढला आहे. इंग्लंडच्या सरोवर प्रांतात बॉब ग्रॅहम नावाच्या गृहस्थाने १९३२ साली चोवीस तासांत ४२ शिखरे पालथी घातली, आणि तो विक्रम पुढे एक व्रतच होऊन बसला. आपल्याकडे सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणारी धाव तरुणांना वेड लावते. परंतु आम्हाला अधिक मोलाची वाटतात ती दुसरी उदाहरणे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणारी कविता राऊत ही नाशिककडच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक आणणारा अविनाश साबळे हा बीड जिल्ह्यातील मांडव्याचा, शाळेसाठी रोज मैलोगणती पायपीट केलेला शेतकऱ्याचा मुलगा. पुढे तो सैन्यात गेला. या दोघांचेही पाय प्रथम तयार झाले ते गावाकडच्या वाटांवर. मातीवर प्रत्येक पाऊल थोडे निराळे पडते. घोटा, पोटरी आणि मांडी यांना निरनिराळे काम मिळते, आणि डांबरावरचा तोच तो कठीण आघात गुडघ्यांना सोसावा लागत नाही.

नव्याने धावू लागणाऱ्याने आरंभ तापीकाठी करावा. राजघाटावरून पलीकडे जैनाबादचा काठ दिसतो. आपल्या शहराचे नाव ज्या बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून पडले, त्यांचेच शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाने हे पैलतीरीचे गाव वसले. पुलावरून पलीकडे उतरून गावाबाहेरील गाडवाटेला लागले की वाहनांचा आवाज मागे पडतो. याच बाजूस आहूखाना आहे. आहू म्हणजे हरिण. मोगलांचे हे मृगोद्यान. १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल बुऱ्हाणपुरास बाळंतपणात मरण पावली, तेव्हा तिचा देह काही महिने येथेच विसावला होता. नंतर तो आग्र्यास नेण्यात आला. ही जमीन सपाट व मोकळी असून पायाखाली मऊ माती लागते. ८०० मीटरचा सराव करणाऱ्या मुलामुलींना वेळ लावून धावण्यास याहून चांगली जागा आमच्या तरी पाहण्यात नाही. मात्र पावसाळ्यात नदीकाठाचे नाव काढू नये. तापीचे पाणी चढू लागले म्हणजे विचार करण्यास सवड देत नाही.

थोडा दम वाढला की कुंडी भंडाऱ्याची वाट धरावी. आमचे मन जिच्यावर विशेष जडले आहे, अशी ही वाट. लालबागेच्या बाजूस शेतांतून आणि माळातून गोल कठड्यांच्या विहिरींची एक ओळ सातपुड्याच्या दिशेने जाताना दिसते. सन १६१५ च्या सुमारास, जहांगिराच्या काळात, अब्दुर्रहीम खानखानान येथे असताना ही योजना उभी राहिली. सातपुड्यावर मुरलेले पावसाचे पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत असते. ते बोगद्यात अडवून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणून सोडले. आणि बोगद्यास हवा व उजेड मिळावा, गाळ काढता यावा, म्हणून वर शंभराहून अधिक कुंड्या बांधल्या. मोट नाही, रहाट नाही, की पंप नाही. चारशे वर्षांनंतरही त्यातून पाणी वाहते आहे, आणि २०२४ साली या योजनेचे नाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाले आहे.

धावणाऱ्याच्या दृष्टीने या वाटेचा गुण असा की, तिचा चढ अतिशय मंद आहे. जाताना तो जाणवतही नाही, परतताना मात्र पाय आपोआप हलके पडतात. एका कुंडीपासून दुसऱ्या कुंडीपर्यंत वेगाने जावे, तिसरीपर्यंत सावकाश जावे, असा क्रम ठेवल्यास घड्याळाचीही गरज उरत नाही. परंतु कठड्यावर चढणे, आत वाकून पाहणे, दगड टाकून आवाज ऐकणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. काही ठिकाणी खोली ऐंशी फुटांच्या आसपास आहे, आणि आत क्षारांचे थर साचून प्रवाह अगोदरच आकुंचन पावत आहे. त्यात आपल्या दगडांची भर नको.

रविवारी लांब पल्ला गाठावयाचा असेल, तर मोहना व तापी यांच्या संगमावरील बोहरड्याची राजाची छत्री गाठावी. शहरापासून साधारण दोन कोस; जाऊन येऊन बारा-तेरा किलोमीटर होतात. पुरंदरच्या तहामुळे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असलेला मिर्झाराजा जयसिंग १६६७ च्या ऑगस्टमध्ये बुऱ्हाणपुरासच मरण पावला, आणि त्याच्या स्मरणार्थ बत्तीस खांबांची ही छत्री उभी राहिली. इतिहासाच्या पुस्तकात त्याचा अध्याय पुरंदराशीच आटोपतो. त्याचा शेवट आपल्या अंगणात झाला, हे आपल्याच मुलांना ठाऊक नसावे, याचे नवल वाटते. निदान धावत जाऊन तरी त्यांनी ते पाहून यावे. वाट केळी व कपाशीच्या शिवारातून जाते. पावसाच्या पहिल्या सरीनंतर येथील काळी माती जोड्यांना अशी चिकटते की प्रत्येक पाय शेरभर जड होतो. तेव्हा दसऱ्यानंतर, जमीन वाळल्यावर ही वाट धरावी, आणि होळीनंतर ऊन तापण्यापूर्वी घरी परतावे.

या शिवारातील पांदणींविषयी मात्र चार शब्द लिहिणे प्राप्त आहे. बैलगाड्या कमी झाल्या तशा पांदणी दोन्ही बाजूंनी नांगराखाली जाऊ लागल्या. केळीला चांगला पैसा येतो, म्हणून हातभर जमीनही कुणास सोडवत नाही; आणि एका वादळात उभा बाग आडवा झालेला ज्याने पाहिला आहे, त्या शेतकऱ्याला नुसता दोष देऊन भागणार नाही. तरीही गावाच्या नकाशावर नोंद असलेली वाट ही साऱ्या गावाची असते. ग्रामपंचायतींनी या वाटांची मोजणी करून घेतली आणि शहराजवळच्या दोन-तीन मोकळ्या ठेवल्या, तर पहाटेच्या त्या मुलांना महामार्गावर जाण्याचे कारण उरणार नाही. त्यासाठी मोठा खर्च नको. लागतील त्या अंतराच्या खुणा आणि थोडा मुरूम. निवेदन देण्यास आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांनी पुढे यावे, अशी आमची विनंती आहे.

ज्यांची छाती भरली आहे, त्यांच्यासाठी असीरगड आहे. बुऱ्हाणपूरहून खांडव्याच्या दिशेने वीसएक किलोमीटरवर, पायथ्यापासून सुमारे ८५० फूट उंच. पायथ्याच्या गावापर्यंत बसने जावे आणि तेथून चढावे. अकबरास हा गड १६०१ च्या जानेवारीत मिळाला. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली तो मराठ्यांकडे आला. आणि १८१९ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी तो कायमचा घेतला. एवढ्या फौजांना ज्या चढाने दमवले, तो धावतच चढला पाहिजे असा हट्ट धरू नये. उभ्या चढणीवर गुडघ्यांवर हात टेकून झपाझप चालणे यात कमीपणा नाही. कसलेले धावपटूही तेच करतात. खरी परीक्षा असते ती उतरताना. सुटलेल्या दगडांवर पावले आखूड टाकावीत व दृष्टी चार हात पुढे ठेवावी. गडावरील गुप्तेश्वराच्या पूजेस अश्वत्थामा रोज येतो आणि कपाळीच्या जखमेसाठी वाटसरूंकडे तेल मागतो, अशी लोककथा आहे. गड उतरून आलेल्या काही मंडळींना गुडघ्यांसाठी तेच मागावेसे वाटेल! महिन्यातून एकदोन वेळा हा गड पुरे. भरती तोंडावर आली असताना तर नकोच.

सातपुड्याच्या आतील जंगलात एकट्याने धावण्याचा सल्ला आम्ही कोणासही देणार नाही. तेथे बिबळ्याचा व अस्वलाचा वावर आहे आणि वनखात्याचे नियम आहेत. शिवाय त्या वाटा कोरकू, भिलाला व बारेला मंडळींच्या रोजच्या येण्याजाण्याच्या आहेत. तेथे जावयाचे तर त्यांच्यापैकी कुणाला सोबत घेऊन, दिवस चांगला वर आल्यावर जावे. खेडेगावातून जाताना वेग कमी करावा, रामराम करावा. २०२२ च्या जुलैमध्ये आपला जिल्हा घरोघरी नळाचे पाणी पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळवणारा देशातील पहिला जिल्हा ठरला, त्यामुळे तांब्याभर पाणी मागण्याचा संकोच आता पूर्वीइतका वाटू नये. तरी आपली बाटली आपल्याजवळ असावी.

मुलींनी तिघी-चौघींच्या गटाने जावे, आणि त्यांच्याबरोबर घरातील एखाद्या मावशीने किंवा काकांनी सायकलवरून जाण्याची पाळी लावून घ्यावी. जैनाबादच्या काठी हे सहज जमण्यासारखे आहे. परतताना बाजारातली मावा-जिलबी खावी की नाही, हा प्रश्न आम्ही ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवतो. पहाटे दहा किलोमीटर धावलेल्या मुलाला ती नाकारणे आम्हाला तरी जमणार नाही.

आणखी एक वाट ज्येष्ठांसाठी व लहान मुलांसाठी राखून ठेवली आहे. अमरावतीच्या रस्त्याने गेल्यावर आत, मोठ्या उतावळी नदीवर महाल गुलारा आहे. समोरासमोर दोन मोगल महाल आणि मधोमध बांधावरून कोसळणारे पाणी. नदी नावाप्रमाणेच उतावळी. भर पावसात तिच्या जवळ जाऊ नये. पाऊस ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत मात्र बांधावरून पाणी पडत असते आणि काठावरची वाटही पायाखाली घट्ट झालेली असते. तेव्हा डबा घेऊन सहकुटुंब जावे. धावणाऱ्यांनी धावावे, बाकीच्यांनी झाडाखाली बसावे.