दारूचे व्यसन: दोष, आजार की एकटेपणा?

'आपल्या लोकांत दारुडे नसतात' हे वाक्य जर्सी सिटीतही शब्बाथच्या जेवणावर ऐकू येते. त्यात थोडे तथ्य आहे. दारूचे शरीरात विघटन करणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकाचा वेगळा प्रकार बऱ्याच ज्यू लोकांत आढळतो. तो असलेल्यांत व्यसनाचा धोका कमी असतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि तो सर्वांत नसतोही. या वाक्यामुळे इतकेच होते, की ज्याच्या घरी दारूचा त्रास आहे तो गप्प बसतो.

मग व्यसन लागते कशाने? जुने उत्तर म्हणजे मनाचा कमकुवतपणा. 1934 मध्ये आपल्या नदीपलीकडे, मॅनहॅटनच्या टाउन्स हॉस्पिटलात, डॉ. विल्यम सिल्कवर्थ बिल विल्सन यांच्यावर उपचार करीत होते. दारूडेपणा हा दोष नसून एक प्रकारची ॲलर्जी आहे, असे त्यांचे मत होते. ॲलर्जीची कल्पना शास्त्रात टिकली नाही. पण 'हा आजार आहे' या विचाराने रुग्णाला धीर आला. पुढच्याच वर्षी विल्सन यांनी डॉ. बॉब स्मिथ यांच्यासोबत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केली.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा दिसतो. उरलेला? व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी बहुतेक जण मायदेशी परतल्यावर त्यात पुन्हा अडकले नाहीत, असे ली रॉबिन्स यांना आढळले. परिस्थिती बदलली, व्यसन सुटले. रात्रपाळी करून रिकाम्या खोलीत परतणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. माझ्या मते तिन्ही कारणे एकाच माणसात सापडतात, फक्त प्रमाण वेगळे.

घरचे मात्र अजून शपथच घालतात. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना विचारा. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे आहेत. घरात कोणी हेरॉइन किंवा अफूच्या जातीच्या गोळ्या घेत असेल तर नॅलोक्सोनचा स्प्रे जवळ ठेवा. न्यू जर्सीतल्या अनेक फार्मसींत तो फुकट आणि नाव न सांगता मिळतो.

आणि किद्दुशला काळ्या मनुकांचे सरबत आपल्याकडे पूर्वीपासून आहेच. सोडणाऱ्यासाठी वेगळा पेला नको. त्या दिवशी सगळ्यांनीच तेच घ्यावे.